दिष्ट

"घाबरू नका कुसाबाई, तुमची दृष्टी परत येईल," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

कुसाबाई उठून बसल्या आणि पायांनी चपला चाचपू लागल्या. "हर्षा, चल घरी. मला नाय करायचं आप्रेशन."

मुलगी हर्षाली तान्ह्या बाळाला घेऊन शेजारी बसली होती. आईला चांदवडहून नाशिकच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात आणेपर्यंत तिच्या नाकी नऊ आले होते. "आता काय झालं, आये?"

कुसाबाई दुसरी चप्पल शोधत राहिल्या. गोदावरी सिस्टर खाटेच्या कडेला टेकली. निम्मं आयुष्य या वॉर्डात गेल्यामुळे ऑपरेशनची भीती ती चेहऱ्यावरून ओळखायची. ही भीती वेगळी होती.

"मावशी, दुखेल असं वाटतंय का?"

"दुखन्याला कोन भितं? डाक्टर म्हनला, दिष्ट परत येईल. ती नको म्हनून तर डोळं गेलं तरी मी गप ऱ्हायले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. "माझा वाल्मीक. हळद लागली तवा लय देखना दिसला. मी डोळं भरून पाह्यलं. आईची दिष्ट लय वाईट, म्हन्त्यात. लगीन व्हायच्या आधीच पिंपळगावला त्याचा टेम्पो उलटला. आता हे लेकरूबी तसंच गोरंगोमटं हाय म्हनं. मला दिसत नाय, ते बरंच हाय."

"आये, टेम्पोचा ब्रेक गेला व्हता," हर्षाली म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक हाय."

"मलाबी ठाऊक हाय. ठाऊक असून काय?"

गोदावरीचे वडील यज्ञेश्वरगुरुजी पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करायचे. जेवताना मुलीला शब्दांची कुळं सांगायची त्यांना हौस होती. त्यातलं जे आठवलं ते तिने सांगितलं.

"मावशी, डॉक्टर 'दृष्टी' म्हणाले. म्हणजे नुसतं दिसणं. तुमची दिष्टही त्यातूनच आली. माझे वडील सांगायचे, मूळ संस्कृतातला धातू दृश्, म्हणजे पाहणं. 'दर्शन'सुद्धा त्याच घरातलं."

"दर्शन? रेनुकामातेचं घेतो ते?"

"तेच."

"म्हंजी ते आन माझं वाल्मीककडं बघनं, एकाच घरातलं?"

"शब्द तरी एकाच घरातले," गोदावरी म्हणाली. याहून जास्त काही सांगायचा आपल्याला अधिकार नाही, असं तिला वाटलं.

कुसाबाईंनी चपला पायांनीच खाटेखाली सारल्या. मग त्यांनी पाय वर घेतले. "कवा न्यायचं ते न्या."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीने पट्टी काढली, डोळा पुसला. कुसाबाईंनी पापणी उचलली, मिटली, पुन्हा उचलली. समोर बाळाला घेऊन हर्षाली उभी होती. कुसाबाई तिच्याकडेच बघत राहिल्या.

"किती वाळली गं तू. डोळ्याखाली हे काय झालं?"

कित्येक दिवसांत हर्षालीला कुणी असं विचारलं नव्हतं. तिला हुंदका आवरेना.

"सिस्टर, तुमच्या वडलांना माझा नमस्कार सांगा," कुसाबाई म्हणाल्या.

"ते नाहीत आता." गोदावरीने काढलेली पट्टी घडी करून ट्रेमध्ये ठेवली. "पण पोचला तुमचा नमस्कार."

फेरी संपवून ती परतली तेव्हा हर्षाली आईच्या खाटेवर गाढ झोपली होती. पेशंटच्या खाटेवर दुसऱ्या कुणी झोपायचं नाही, असा वॉर्डाचा नियम होता. कुसाबाई स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर बाळ होतं आणि त्या एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे बघत होत्या.

गोदावरीने आवाज न करता पडदा ओढून घेतला.