बिनझाकणाचा गंज

मित्रांनो, तुम्ही ज्याला पातेलं म्हणता त्याला आम्ही वऱ्हाडात गंज म्हणतो. मी असाच एक जुना पितळी गंज आहे. पोटानं मोठा आणि स्वभावानं हट्टी. चांदूर बाजारातून मला आणलं तेव्हा भगवंत आणि देवमन हे भाऊ एकाच चुलीवर जेवत. भाजीचा मळाही एकच. मळ्यात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले की वांग्याची भाजी माझ्यातच व्हायची. भगवंतची माणिकबाई आणि देवमनची जयवंता या जावा मिळून मला उचलायच्या, कारण एकटीचं ते काम नव्हतं.

लेकरं वाढली, घर अपुरं पडलं आणि भाऊ वेगळे निघाले. त्यात वाईट काही नाही, घरं अशीच वाढतात. पण माझ्यावरून दोघे हटून बसले. वाटणी करणारे नत्थुजी वैतागले. त्यांनी गंज थोरल्या भगवंतला दिला आणि झाकण धाकट्या देवमनला. भावांचं बोलणं तुटलं आणि मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, फार वाईट वाटलं मला.

यंदा माणिकबाईला नातू झाला, बारसं ठरलं. मुलगा शुभम म्हणाला, "केटरर सांगून देऊ, आई."

"काहून? रोडगे करू. भाजी गंजातच होईन."

तिनं मला कल्हई करून आणली आणि अंगणातल्या चुलीवर चढवलं. पण झाकायला ठेवलेली परात काही केल्या नीट बसेना. वाफ निघून जाई आणि वांगी कच्चीच. पाहुणे येऊ लागले, शुभमनं फोन काढला. तेव्हा माणिकबाईनं पदर खोचला आणि तडक शेजारी देवमनच्या दारात गेली. मधलं कुंपण बुटकं, मला सगळं ऐकू आलं.

"जयवंता, झाकन दे. वांगे शिजून नाई राह्यले."

"झाकन एकटं नाई येनार, बाई."

"मंग मी काय एकट्या झाकनासाठी आली?"

झाकण देवमननं स्वतः आणलं. भगवंतनं सरकून त्याला चुलीपाशी जागा दिली. पंगती उठेपर्यंत दोघे तिथंच होते.

संध्याकाळी जयवंता झाकण ठेवून निघाली, तर माणिकबाईनं ते तिच्या हातात परत दिलं. "ठेव तुह्याकडंच. मले तुह्या घरी याले कारन रायते."

मित्रांनो, भांडी जपा. चुली दोन झाल्या तरी हरकत नाही. पण तुमचं झाकण कोणाकडे असेल, तर मागायला जरूर जा.