थेंबातून सुटलेला मी

मी पोलिओच्या लसीतला विषाणू बोलतोय. तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणून या फ्रीझरमधूनच बोलतो.

घराणं माझं चांगलं. आमच्या रानटी पूर्वजाला कमजोर करून माणसांनी आम्हाला घडवलं. पोराच्या पोटात जायचं, शरीराला आपली ओळख करून द्यायची आणि मुकाट्याने बाहेर पडायचं, एवढंच काम. माझी भावंडं ते इमानाने करतात.

मीही पहिल्या बाळाचं भलंच केलं. मग त्याच्या दुपट्यातून गटारात आणि गटारातून पिण्याच्या पाण्यात उतरलो. त्या वस्तीत थेंबवाल्या बाई दिसल्या की दारं लागायची. दारांमागे लस न घेतलेली मुलं. मी एकातून दुसऱ्यात फिरत राहिलो, दरवेळी थोडा बदललो आणि शेवटी पूर्वजाच्याच वळणावर गेलो. नुकतंच चालायला लागलेल्या एका पोराचा पाय नेला. मला स्वतःला पाय नाहीत. नेऊन केलं काय मी?

त्याच्या शौचाच्या नमुन्यातून मी प्रयोगशाळेत आलो. चाचणी करणारी ताई त्या थेंबवाल्या बाईंचीच लेक. "तुमच्या थेंबांनीच पोर अधू झालं," असं लोक तिच्या आईला तोंडावर म्हणू लागले होते. मी रानटी निघावा, कुठून तरी बाहेरून आलेला, म्हणून ताईचा जीव टांगणीला लागला होता.

यंत्राच्या पडद्यावर लसीच्या वंशाची रेघ वर चढली.

"सर, माझाच हात चुकला असेल," ताई घाईघाईने म्हणाली. "तुलनेसाठी ठेवलेल्या लसीचा थेंब नमुन्यात उडाला असेल."

असा ठपका इथे कोणी मेलं तरी स्वतःवर घेत नाही. ही मागून घेत होती.

"अगं, शेजारी लावलेली नुसत्या पाण्याची नळी बघ. कोरी आहे. लस उडत असती तर तिच्यातही दिसली असती. तुझा हात स्वच्छ आहे," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले.

तिने नव्याने चाचणी लावली. पुन्हा मीच. माझ्या जनुकांची अक्षरं वाचली, तेव्हा कळलं : लसीचाच, पण फार दिवस भटकलेला. ताई स्टुलावर बसून रडली. हातात मोजे, डोळेही पुसता येईनात. शरमेने मेलो मी.

अहवाल गेल्यावर तिने फोन लावला.

"आई, लसीतलाच निघाला गं. राहिलेल्या मुलांमधून फिरून बिघडलेला."

"म्हणजे मी दिलेलाच?"

"कोणी दिलेला, ते नाही कळत. आता सगळ्यांना परत थेंब द्यावे लागतील."

"देईन की. पण आधी त्या पोराच्या आईकडे जाऊन येते. तिला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणाल, तर ते कुंपण मी. मला हव्या तितक्या शिव्या द्या. पण माझ्या भावंडांना दार लावू नका. लावलेल्या दारांमागेच मी असा झालो. आणि त्या बाई आल्या तर त्यांना आत घ्या. त्या उंबऱ्यावर खरं तर मी उभं राहायला हवं होतं.