फळ्यांखालची वाट

संपादक बर्जेस म्हणजे देवमाणूस, आणि सगळा घात तिथंच झाला. तो दुष्ट असता तर टायटस त्याच्याशी चार शब्द जपून बोलला असता. पण दक्षिणेतल्या गुलामीतून पळून उत्तरेतल्या न्यू बेडफर्डात पाऊल ठेवल्याबरोबर या माणसानं त्याला पोटभर जेवू घातलं, छापखान्यात शाई लावायचं काम दिलं आणि विचारलं, "सुटलास तरी कसा रे बाबा?" टायटसनं भाबडेपणानं सांगून टाकलं. नॉरफोकहून, कप्तान लूमिसच्या गलबतात, छपराच्या फळ्यांच्या ढिगाखाली लपून. बायको, केझिया, पुढच्या खेपेला तशीच यायची होती.

गुलामगिरीविरुद्धचं ते साप्ताहिक. कुणी सुटून आला की त्याची हकिगत पहिल्या पानावर द्यायची, ही तिथली पद्धत. टायटसला वाचता येत नव्हतं. त्या पानाला शाई त्यानंच लावली, तीही शीळ घालत.

दुपारी छपाईचे खिळे जुळवणाऱ्या प्रूडन्सबाईनं ती हकिगत कौतुकानं वाचून दाखवली. टायटसचा घास हातातच राहिला.

"साहेब, फळ्यांचंसुद्धा छापलंत?"

"अरे, कप्तानाचं नाव गाळलंय की!"

"नाव गाळून काय उपयोग? तिथून फळ्या आणणारी गलबतं अशी कितीशी आहेत? अंक कुठं आहेत?"

"गेले सकाळच्या टपालानं. सगळीकडे."

सगळीकडे म्हणजे नॉरफोकलाही. संपादकांनी एकमेकांना अंक फुकट धाडायचे, मग समोरचा गुलामांच्या बाजारावर जगणारा का असेना; नाहीतर भांडणार कुणाशी? जळो तो रिवाज! बर्जेस आधीच गोरा, तो आणखी पांढरा पडला. गलबत कधीच नॉरफोककडे निघून गेलं होतं. कप्तानाला निरोप पोचवायचा कसा?

महिन्याभरानं नॉरफोकचा अंक आला, तोही फुकटच. बर्जेसनं तो वाचला आणि टायटसकडे बघेचना. शेवटी प्रूडन्सबाईनंच रडत रडत सांगितलं. नॉरफोकच्या धक्क्यावर शिपायांनी गलबताच्या पोटात धूर सोडला होता. फळ्यांखालून एक बाई खोकत बाहेर आली. कप्तान तुरुंगात गेला, बाईला दूर दक्षिणेत विकलं. आणि खाली तिथल्या संपादकानं ही वाट दाखवल्याबद्दल न्यू बेडफर्डच्या मित्राचे आभार मानले होते.



"मी पापी आहे रे," बर्जेस हात जोडून म्हणाला. "तू म्हणशील तर यातलं अक्षरही छापणार नाही."

"छापा की साहेब," टायटस म्हणाला. "तिचं नाव छापा, माझं छापा. आता लपवायला राहिलंय काय?"