दोनशे चौदा वेळा आढळले नाही

माझ्या एका पेपरला दोनशे चौदा सायटेशन होती. म्हणजे जगभरातल्या दोनशे चौदा जणांनी आपापल्या लेखात त्याचा दाखला दिला होता. बाकीच्या सहा पेपरना मिळून अकरा, आणि त्यातले चार दाखले मीच दिलेले. पर्यावरण विभागात मला कायम करायचं की घरचा रस्ता दाखवायचा, हे गुरुवारी समिती ठरवणार होती. म्हणजे तो आकडाच ठरवणार होता, समिती नुसती चहा घेणार होती.

रविवारी ताईकडे गेले. तिच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली एक फ्रेम लटकत होती. काचेआड माझ्याच पेपरातला तक्ता. टाकीत पाणी येतं त्या विहिरी, क्रमांक एक ते नऊ. शिसे: आढळले नाही.

"सेक्रेटरींनी लावलीय," ताई अभिमानाने म्हणाली. "फिल्टर कशाला हवा, म्हणाले. आम्ही काढून टाकला."

"खालची तळटीप कुठे गेली?"

"फ्रेममध्ये मावत नव्हती, कापली. बारीक अक्षरात असतं काय एवढं?"

एवढंच असतं, की आमच्या जुन्या यंत्राला लिटरमागे पन्नास मायक्रोग्रॅमच्या खालचं शिसं दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात चालतं दहापर्यंत. आमच्या धंद्यात 'आढळले नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, 'आम्हाला दिसलं नाही'. चष्मा घरी विसरलेल्या मास्तरांनी निकाल वाचून सगळे पास म्हणावं, तसं.

सोमवारी ताईच्या नळाचं पाणी नव्या यंत्रात घातलं. अडतीस. पुन्हा घातलं. अडतीस. तिसऱ्यांदा एकोणचाळीस, बहुधा माझ्यावर वैतागून. लगेच ताईला फोन केला, म्हटलं नळाचं पाणी तोंडात घालू नका, पोरांचं रक्तही तपासून घेऊ.

तिने माठ मोरीत ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दोन वर्षं पितायत गं पोरं."

मग ते दोनशे चौदा लेख चाळले. बहुतेकांनी 'शिसेमुक्त' असं लिहिलं होतं. कॉलनीशेजारच्या बॅटरी कारखान्याने तर विस्ताराच्या अर्जात माझे आभारच मानले होते. तळटिपेचा उल्लेख एकाने केला होता, तोही 'तळटीप सुबक आहे' असा.

नगरपालिकेत गेले. पाणी खात्यातल्या कारकुनाने माझा अडतीस लिहिलेला कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे हाताने लिहिलंय. आमच्याकडे छापील आहे, पाणी चांगलं असल्याचं."

"ते मीच लिहिलंय."

"मग तुम्हीच भांडा तुमच्याशी. तो पेपर उभा आहे तोवर टाकी बंद होत नाही."

मंगळवारी सरांकडे गेले. सर विभागप्रमुख, पेपरवर त्यांचंही नाव आहे. त्यांनी तो वाचलाय का, याबद्दल मतभेद आहेत.

"तळटीप दिली होती ना आपण? मग हात वर."

"मी पेपर मागे घेतेय, सर."

"अगं, मागे घेतलेला पेपर यादीतून उडतो, सायटेशनसकट. शुक्रवारी घे ना. तीन दिवसांत कोण मरतंय?"

"शिसं मारत नाही, सर. पोरांची डोकी मंद करतं. मग ती मोठी होऊन तळटिपा न वाचता दाखले देत फिरतात."

"आगाऊपणा नको."

मी तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने माघारीच्या पत्रावर सही केली. पेन परत केलं नाही. ते पत्र नियतकालिकाला मेल केलं, मग कारकुनाला नेऊन दिलं. छापील होतं, त्याला आवडलं.

गुरुवारी समितीचे अध्यक्ष यादीवरून बोट फिरवत म्हणाले, "अर्जात दोनशे पंचवीस आहेत. इथे अकराच दिसतात."

"चुकीचे दाखले होते. लोक विषारी पाणी पीत होते."

"प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे," ते म्हणाले. बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. "पण त्याला रकाना नाही."

"मग काढा की एक. पट्टी देऊ का?"

त्यांनी पट्टी घेतली नाही. तासाभरात फलकावर कागद लागला. माझ्या नावापुढे 'प्रभाव अपुरा'. ज्याला घेतलं त्याच्या यशस्वी लेखात माझा दाखला होता, 'शिसेमुक्त' म्हणून. तो लेख मात्र मोजला होता.

संध्याकाळी ताईचा फोन आला. टाकी बंद झाली होती, टँकर आला होता, आणि दोनशे घरं बादल्या घेऊन मला शिव्या घालत होती.

"सेक्रेटरी म्हणतात, पाणी आधी चांगलं होतं, तुझ्या बहिणीने घाण केलं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"त्यांची बादली लाथेने पाडली. तुझं काय झालं?"

"घरी पाठवलं."

"मेल्यांनो," ती म्हणाली, बहुधा समितीला. मग तिचा आवाज उतरला. "पोरांचं रक्त तपासायचं म्हणाली होतीस. कधी आणू?"

"उद्या नऊला. मी दवाखान्याच्या दारात उभी राहते."

"काही निघालं तर?"

"जो आकडा असेल तो सांगेन तुला. गोड करून सांगणार नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर आधी त्यांना विचारेन, तुमचं यंत्र कितीपर्यंत बघतं."