जाहीर नोटीस

"अहो, उठा की. लाजताय काय?" वकीलसाहेब माईकवरून म्हणाले, तेव्हा चौथ्या रांगेतला चष्मेवाला खुर्चीला चिकटून बसला होता.

सत्कार साहेबांचा होता. तीस वर्षं त्यांनी दिवाळखोरीची प्रकरणं चालवली आणि त्यातली बावीस वर्षं दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून बुडालेल्या माणसांना फुकट सल्ला दिला. बायको गेल्यापासून तर शनिवारखेरीज त्यांना दुसरं काही उरलंच नव्हतं. अगदी देवमाणूस, फक्त देवासारखंच, खालच्यांना कुठे लागतं ते त्यांना वरून दिसत नसे.

आयोजकांनी त्यांना यथेच्छ हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. आता भाषणाला एखादं उदाहरण हवं, आणि उदाहरण तर समोरच बसलेलं. साहेबांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"हे आपले चष्मेवाले. चष्म्यांचं दुकान बुडालं, दारात वसुलीवाले, हे गच्चीवरून उडी मारायला निघालेले. मी कोर्टाकडून यांना दिवाळखोर जाहीर करून घेतलं आणि सोडवलं. आज बघा, ताठ मानेने नोकरी करतायत."

टाळ्या पडल्या. चष्मेवाला उठला, कारण न उठणं आणखी वाईट दिसलं असतं. शेजारी त्याची बायको होती. गुडघे दुखतात म्हणून नवऱ्याने दुकान चांगल्या भावात विकलं आणि वेळ जावा म्हणून तो दुसऱ्याच्या काउंटरवर बसतो, एवढंच तिला दोन वर्षं ठाऊक होतं. तीही टाळ्या वाजवत होती. बाकीचे थांबल्यावरही थोडा वेळ वाजवत राहिली. हात थांबवायचे असतात हे तिला सुचलं नाही.

सभागृहात शनिवारी सल्ल्यासाठी बाकावर बसणारे बरेच चेहरे होते. ते कार्यक्रम संपायच्या आतच मागच्या दाराने निघून गेले.

चष्मेवाल्याने साहेबांना जिन्यात गाठलं. घरी माहीत नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एवढंच तो म्हणाला. साहेबांना ते आठवलंही. पण त्यांच्या धंद्यात छापलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असाच कायदा.

"अहो, जाहीर नोटीस पेपरात आली होती. त्यात लपवण्यासारखं राहिलं काय?"

"तो पेपर आमच्या घरी येत नव्हता साहेब. मी आधीच बंद केला होता."

झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ती साहेबांनी माईकवर उघडली होती. तरी त्या रात्री त्यांना झोप छान लागली.

शनिवारी मात्र दहा वाजले तरी बाक रिकामा. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. साडेदहाला साहेब घाबरले. अकराला चष्मेवाल्याची बायको आली, समोर बसली, आणि गच्चीवर ते कुठल्या दिवशी गेले होते, एवढंच तिने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही बाई," साहेब सवयीने म्हणाले. "अशिलाची गोष्ट बाहेर बोलायची नसते."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावलेली दिसत नव्हती.

"अख्ख्या हॉलला सांगितलीत. मी एकटीच राहिले का?"

साहेबांचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी मुकाट्याने कपाटातून फाइल काढली आणि पहिल्या भेटीच्या टिपणातली गच्चीची तारीख वाचून दाखवली. शुक्रवार होता, संध्याकाळची वेळ.

"धाकटीचा निकाल लागला त्या दिवशी," ती म्हणाली. "खूश होते हो. मीच म्हटलं, वर कपडे वाळलेत, तेवढे घेऊन या."

साहेबांनी फाइल मिटली.

"घेऊन आले," ती उठत म्हणाली. "उशीर झाला म्हणून मी बोलले त्यांना. तर म्हणाले, घड्या घालत होतो."