मोरीतलं फुगणारं

मोरीत पडलेलं ते दुपारपेक्षा मोठं झालं आहे, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

पांढुरकं, ओलसर, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं; पण साबुदाणा असा थरथरत नाही. वरून पाणी ओतलं तर वाहून जायचं सोडून ते गलेलठ्ठ व्हायचं. नदीकाठच्या मांजर्लीतल्या त्या तळमजल्याच्या खोलीत उजेड एरवीही विचारूनच आत येतो; आज त्यात वीज गेलेली. त्या अंधुक उजेडात ते आतून उजळल्यासारखं दिसत होतं. रखमा कामावरून आली आणि चपला न काढताच मोरीपाशी थबकली.

"पोरीचं पोट हाय ते," कॉटवरून सासूबाई, बनूबाई, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या. "आतलं सुटून पडलंय. तांबडं धुवून गेलं, ह्ये राह्यलं."

"आई, काहीतरीच काय बोलता!"

"मंग तू सांग काय ते. तू कारखान्यात जातेस."

रखमा उल्हासनगरला जीन्सच्या पँटींना खिसे शिवायची. खिशांपलीकडच्या प्रश्नांवर तिचं मत कोणी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे तयार असं एकही तिच्याजवळ नव्हतं.

श्रद्धा कोपऱ्यात गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पोरगी नुकतीच शहाणी झालेली, आणि तिने फक्त घरचा नियम पाळला होता. टाकण्याआधी रक्ताचा डाग पार धुवायचा. नाहीतर कोणी करणी करतं, साप ओलांडतो, कूस मिटते. नियम फडक्यांच्या काळातला. घरात पॅड आलं, तेव्हा तोच नियम त्यालाही लागू झाला. श्रद्धाने ते नळाखाली धरून पिळपिळ पिळलं, ते फाटलं, आणि आतून हे बाहेर आलं.

"मम्मी, मी मरणार का गं?"

"उद्या संध्याकाळी भगताकडं न्यायची," बनूबाईंनी ठरवून टाकलं. "आन् पोट जाग्यावर बसंस्तोवर शाळा बंद."

पोट जागेवर बसायला किती काळ लागतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळा मात्र एका वाक्यात सुटली होती.

रखमाला हसून उडवता आलं असतं, पण हसू आलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी घरामागच्या दोरीवर, साडीखाली लपवून वाळत घातलेलं तिचं फडकं नाहीसं झालं होतं. त्यानंतर लागोपाठ दोन वेळा पोट पडलं. तेव्हा सासूबाईंनी फक्त रिकाम्या दोरीकडे पाहिलं होतं. नदीचं पाणी घरात शिरतं आणि ओसरतं, भिंतीत ओल मात्र ठेवून जातं, तशी ती नजर घरात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मशिनींच्या खडखडाटात तिने शेजारच्या मशिनवरच्या तेजलच्या कानात सगळं सांगितलं. तेजलने मशीन थांबवलं.

"अय्या ताई, पोट कुठलं! ते जेल असतं, पॅडच्या आतलं. ओल पिण्यासाठीच भरलेलं असतं."

"अगं पण वाढतंय ते!"

"पाणी पाजताय, मग वाढणार नाही तर काय? मीठ टाका वर, सोडेल पाणी. आणि धुवायचंच नसतं हो ते. कागदात गुंडाळायचं नि कचऱ्यात. संडासात नाही हां, नाहीतर अख्खी बिल्डिंग तुंबेल. एकच घालून दिवसभर बसते का पोरगी?"

"सकाळी शाळेत जाताना लावते, ते घरी आल्यावर..."

"मांड्या सोलवटल्या असतील. चार-पाच तासांनी बदलायला सांगा, कमी गेलं तरी."

म्हणजे पोरगी पाय फाकवून चालत होती ते यामुळे. रखमाने त्यातही करणीच पाहिली होती.

घरी येऊन तिने मूठभर मीठ मोरीत टाकलं. आधी काहीच झालं नाही. मग चुळचुळ आवाज आला, आणि ते कोणी धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं खाली खाली बसत गेलं. जाळीतून पाणी गळू लागलं.

बनूबाईंनी हात जोडले. "मिठाला भ्यालं. बाधाच व्हती!"

रखमा 'जेल' म्हणणार होती; तिने शब्द बदलला.

"हो आई. पण धुतलं की ते परत येतं म्हणे."

"मंग धुवायचंच नाय!" बनूबाईंनी पिढ्यांचा कायदा तिथल्या तिथे बदलला. "आन् पोरीला शाळेत धाड. भगत कशाला आता?"

पडद्याआड रखमाने श्रद्धाला नवं पॅड उलगडून दाखवलं. "चिकटणारी बाजू खाली, चड्डीला. मधोमध. हे पंख दोन्हीकडनं खाली दुमडायचे. आधी हात धू, नंतरही धू. दप्तरात एक जास्तीचं ठेव."

"टोचतंय का बघू?" श्रद्धा चार पावलं चालली. मग आणखी चार. "नाही टोचत." मग भाकरी मागितली.

रखमाने मोरीतलं उरलेलं ओंजळीत गोळा केलं. गार होतं, आणि त्याला वजन म्हणून नव्हतं. हे जर नुसतं जेल, तर ते फडकंही नुसतं वाऱ्याने गेलं असणार. मग पोटातली ती दोन कशाने गेली? इतकी वर्षं निदान कारण तरी होतं.

बाहेर घंटागाडी आली. तिने ते फाटक्या पॅडसकट कागदात बांधलं आणि दारात गेली.

"काय आहे, मावशी?" गाडीवाल्याने विचारलं.

"पॅड आहे. माझ्या पोरीचं," रखमा म्हणाली, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी. "वेगळं बांधलंय."

पुडी घेऊन गाडी नदीच्या बाजूला वळली. श्रद्धाने आतून दोनदा हाक मारली. रखमा दारातच उभी होती, आणि तिची रिकामी ओंजळ अजून मिटलेली नव्हती.