मुद्दामच्या चुका

बोर्ली पंचतनात घरी बसून नवी मुंबईच्या कंपनीचं काम करणाऱ्या प्रफुल्लला गावाने कधी नोकरदार मानलंच नाही. नोकरदार म्हणजे सकाळी डबा घेऊन एसटी पकडणारा. हा आपला दिवसभर हाफ चड्डीत, घरात. त्याची आई जयमाला विचारणाऱ्याला सांगायची, "कंप्युटरवर हाय तो." लोक "बरं, बरं" म्हणायचे आणि त्या बरं-बरंचा अर्थ तिला चांगला कळायचा. वडील, धर्माजी मास्तर, गेले तेव्हा आई एकटी पडेल म्हणून तो वाशीची खोली सोडून इकडे आला. आणि झालं काय, तर आई एकटी पडलीच नाही. तिचं बुद्धविहार, तिचा बचतगट, तिच्या मैत्रिणी. एकटा पडला तो हा.

त्याच्या वयाची पोरं गावात उरली होती कुठे? कोणी मुंबईला, कोणी आखातात. शिमग्याला यायची, पाठीवर थाप मारायची आणि जायची. रविवारी तो बाईक काढून दिघीच्या जेटीवर जायचा, आगरदांड्याची फेरीबोट भरताना बघायचा आणि ती सुटली की घरी परतायचा. पलीकडे जाऊन तरी कोणाला भेटणार होता?

त्याची कंपनी ट्रकवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठला ट्रक कुठे पोचला, टोल किती लागला, डिझेल किती गेलं, हे सगळं त्यात. तिथे एक रीत होती: आपण लिहिलेला कोड दुसऱ्या कोणीतरी वाचून 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही. प्रफुल्लचा कोड वाचायची कल्पिता. ती उरणकडची, ऑफिसात बसणारी, घरचेच ट्रक असलेली. आणि टायपिंगचा तिला भारी कंटाळा. चूक सापडली की बाई सरळ फोन लावायची.

पहिली चूक खरीखुरी होती. "अरे प्रफुल्ल, यादीतला शेवटचा ट्रक तुझा कोड मोजतच नाही ना! गेला कुठे तो? घाटात उलटला काय?" असं म्हणून ती खो खो हसली. मग तिच्या पप्पांचा ट्रक माणगावला भर बाजारात कसा बंद पडला ते सांगत बसली. मग जेवलास का, काय जेवलास, तुमच्याकडे जिताडा मासा मिळतो का, कसा देतात, सगळं झालं. फोन ठेवला तेव्हा प्रफुल्लचा कान गरम झाला होता. त्या दिवशी तो आईशीही आपणहून बोलला.

पुढे बरेच दिवस त्याचा कोड एकदम चोख. त्यामुळे फोन नाही. मग या पठ्ठ्याने काय करावं? शेवटचा ट्रक मुद्दाम वगळला. संध्याकाळच्या आत फोन आला.

हो, मुद्दाम! शिकलासवरलेला माणूस, वडील मास्तर, आणि हे धंदे. लाज वाटली त्याला, वाटली नाही असं नाही. पण दिवसभरात आपलं नाव घेऊन हाक मारणारी आईनंतर ती एकच होती, आणि लाजेपेक्षा ती हाक मोठी होती. प्रेमबीम म्हणाल तर तसलं काही नव्हतं. तिचं लग्न ठरलेलं होतं, त्या मुलाला कुठली भाजी चालत नाही हेसुद्धा प्रफुल्लला पाठ होतं. त्याला फक्त कोणाशी तरी बोलायचं होतं. मग आठवड्याला एक चूक व्हायला लागली. फार मोठी नाही आणि फार बारीकही नाही, फोन करण्याजोगी.

अशाच एका फोनवर ती म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे ऑनलाइन गाड्यांची रेस खेळतो. मितेश, मी, बाकीची टीम. तू पण कन्सोल घे ना यार. हेडफोन लावायचे, खेळता खेळता नुसता आरडाओरडा."

आरडाओरडा म्हटल्यावर प्रफुल्लच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने किंमत बघितली आणि ते पाणी आटलं. तरी त्याने पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. जयमालाने किंमत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "टीवीला लावायचा खेळ? अरे, तेवढ्यात आख्ख्या पडवीला फरशी बसंल!"

"फरशी माझ्याशी बोलणार आहे का, आई?"

"आनि तो डबा बोलनार हाय?"

आता हिला काय सांगणार!

पावसाळा सरता सरता कंपनीने फर्मान काढलं की यापुढे कोड एआयकडून लिहून घ्यायचा. टीमच्या ग्रुपवर मितेशच्या अंगात आलं. त्याने त्या एआयला 'भाऊ' असं नावही ठेवून टाकलं. "दहा दिवसांचं काम भाऊ चहा होईपर्यंत करतो. आता हाताने कोड लिहिणं म्हणजे मिक्सर असताना पाट्यावर वाटणं."

"पाट्यावरचं वाटण खाल्लंयस कधी?" प्रफुल्लने लिहिलं. ग्रुपवर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले आणि विषय तिथेच संपला.

खरं बोलायचं तर भाऊ लिहायचा झकास. अडचण तीच होती. त्याच्या यादीतला शेवटचा ट्रक कधी सुटायचाच नाही. म्हणजे आता काय, तर भाऊने नीट लिहिलेला कोड प्रफुल्ल हाताने बिघडवायचा. जगात माणसं मशीनच्या चुका निस्तरत होती आणि हा शहाणा मशीनच्या नीट कामात चुका पेरत होता. पेरायचा, कल्पिताकडे पाठवायचा आणि फोन हातात धरून पडवीत बसायचा, कारण रेंज पडवीतच यायची.

फोन आला नाही. नुसतं 'ठीक आहे' आलं.

त्याने उघडून बघितलं तर शेवटचा ट्रक जागेवर होता. कोणीतरी चूक दुरुस्त करून टाकली होती, चकार शब्द न बोलता. त्याला वाटलं, हा भाऊच. पाठवता पाठवता परत हात फिरवत असणार. पुढच्या आठवड्यात त्याने टोल दोनदा धरला. तेही दुरुस्त झालं, फोन नाही. मग डिझेल, मग तारखा, मग एकाच कोडमध्ये तीन-तीन चुका. सगळं दुरुस्त आणि खाली फक्त 'ठीक आहे'. प्रफुल्ल चिडला. ग्रुपवर त्याने लांबलचक लिहिलं की हा एआय माणसाला न विचारता त्याच्या कामात हात घालतो, हे बरोबर नाही, उद्या आपण कशाला हवेत मग! मितेशने उत्तर दिलं, "काका, जमाना बदलला." प्रफुल्ल त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

प्रफुल्लने मनाशी म्हटलं, आता कन्सोलच घ्यावा. फोन नाही तर नाही, शुक्रवारचा आरडाओरडा तरी ऐकायला मिळेल. पैसे जमतच आले होते. आणि बघतो तर किंमत चढलेली! मितेशने ग्रुपवर ज्ञान पाजळलं की मेमरीच्या चिपा सगळ्या एआयवाले उचलतायत, खेळवाल्यांना पुरत नाहीत, अजून महाग होणार.

प्रफुल्लने ते वाचलं आणि लॅपटॉपकडे बघून मोठ्याने म्हणाला, "भाऊ, आता तेवढं तरी सोडायचं होतंस रे."

स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. त्या दिवशी सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता. त्याला रडूच आलं. कोणी बघत नव्हतं म्हणून आवरलंही नाही.

आणि मग एका गुरुवारी दुपारी फोन वाजला. कल्पिता! प्रफुल्ल जेवता जेवता उठला, उष्ट्या हाताने पडवीत धावला.

"बोल बोल! कुठला ट्रक राहिला?"

ती हसली नाही. "प्रफुल्ल, मी टीम बदलून मागितली होती. झालं आज. तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून फोन केला."

"का गं?"

"आता राग येऊ देऊ नकोस. पावसाळा सरल्यापासून कंपनी मोजतेय, कोणाच्या कोडमध्ये किती चुका निघतात. मी चूक दाखवली की तिची नोंद होणार, आणि ती तुझ्या नावावर. ज्यांच्या जास्त, त्यांना काढणार. म्हणून मी कोणाला न सांगता गुपचूप दुरुस्त करत होते. तुला पण नाही बोलले. म्हटलं, तुला वाईट वाटेल. एआय असून पण इतक्या चुका, म्हणजे ह्याच्या घरी काहीतरी झालं असणार. पण आता नाही होत रे माझ्याकडून. शुक्रवारी सगळे खेळतात आणि मी तुझे ट्रक मोजत बसते. तीन महिने झाले, मी कन्सोलला हात लावला नाही."

प्रफुल्लच्या हातावर भाताची शितं वाळत होती. तो भाऊवर चिडला होता, ग्रुपवर भांडला होता, आणि हा सगळा वेळ ती एकटी बसून त्याची घाण उपसत होती. तो जितका जास्त चुकत गेला तितकी ती जास्त गप्प होत गेली, त्याच्याचसाठी. गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण एवढ्या भल्या पोरीला आता आणखी किती फसवायचं?

"कल्पिता, त्या चुका मी मुद्दाम करत होतो."

"काय?"

"मुद्दाम. चूक झाली की तू फोन करायचीस. म्हणून."

पलीकडे ऑफिसातले आवाज येत होते, कोणीतरी कोणाला तरी चहाला बोलावत होतं.

"येडा आहेस का तू?" ती म्हणाली. आवाज रागाचा होता आणि रडका पण. "माझे तीन महिने... अरे, बोलायचं होतं तर फोन करायचा ना सरळ!"

"काय सांगून करणार होतो?"

सांगण्यासारखं काही सापडलं असतं तर त्याने केला नसता का?

"मितेश बघणार का आता माझा कोड?" त्याने विचारलं.

"नाही. तुला माणूस नाही देणार म्हणाले कंपनीवाले. सोमवारपासून भाऊच तपासणार." मग ती म्हणाली, "काळजी घे रे. मला मीटिंग आहे." आणि तिने फोन ठेवला. पुन्हा फोन कर, असं ती म्हणाली नाही. तिच्या जागी आपणही म्हटलं नसतं, हे त्याला कळत होतं.

जयमाला सुपातले सुक्या कोळंबीचे सोडे निवडत दारात येऊन बसली होती. आतून तिला बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, फक्त आवाज आला होता, आणि तेवढ्यानेच तिचा चेहरा खुलला होता.

"हापिसातल्या पोरीचा फोन व्हय रं? लय दिवसांनी केला."

"हं."

"बरा वेळ बोललास आज. मला आपलं बरं वाटलं." तिने त्याचं अर्धं राहिलेलं ताट उचलून पडवीतच त्याच्यापुढे आणून ठेवलं. "जेव आता. उद्या पन करंल ना ती?"

"करेल की," प्रफुल्ल म्हणाला.